साक्ष नसलेल्या आठ नोंदी

ज्या वर्षी विमलाबाईंच्या नातीचं, पायलचं, इगतपुरीला लग्न झालं आणि नवरदेवाचा एक बूट शेवटपर्यंत सापडला नाही, ते वर्ष २०२५. नवरदेव बिचारा एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मामाची चप्पल घालून फोटोला उभा राहिला. बूट कुठे आहे हे अख्ख्या मांडवात एकाच बाईला ठाऊक होतं, आणि ती सत्तर वर्षांची बाई पहिल्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसत होती. लोकांना वाटलं, नात सासरी चालली म्हणून रडतेय. खरं तर हसू आवरत नव्हतं. बूट तिच्याच पिशवीत होता.

पायल गेली आणि घर गप्प झालं. मुलगा रवी ओझरला कारखान्यात, सकाळी सहाला बस पकडायचा. सून दुपारपर्यंत अंगणवाडीत. विमलाबाईंना एकटं राहायची सवयच नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी नाशिकला रामकुंडाच्या घाटावर पोतं अंथरून फुलांचे द्रोण विकले होते. येणाराजाणारा त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नसे, आणि सरकलाच तर त्या मागून हाक मारून बोलत. पण गेल्या वर्षी गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसायचं नाही. रवीनं ते पोतं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

"आई, आता घाटावर खाली बसायचं नाय म्हणजे नाय," त्यानं बजावलं.

विमलाबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की रवीला काळजी वाटायला हवी होती, पण त्याची बस आली.

जूनमध्ये दुधाच्या पिशवीबरोबर घरात एक कागद आला. एक यात्री सेवा मंडळ दसऱ्यापासून घाटावर मदत कक्ष उघडणार होतं. सकाळी सात ते अकरा. परदेशी पाहुण्यांशी चार शब्द इंग्रजी बोलू शकेल अशी एक ज्येष्ठ व्यक्ती हवी. पगार नाही. ओळखपत्र, पिण्याचं पाणी आणि बसायला खुर्ची मिळेल. दोन महिने फुकट शिकवणी, मग लेखी परीक्षा, पहिला येईल त्याला जागा.

विमलाबाईंनी बोटानं एकेक अक्षर लावत कागद वाचला. अक्षरओळख त्यांना बावन्नाव्या वर्षी झाली होती. पायल पहिलीत होती, तिच्याच पुस्तकावरून, तिच्याच हातच्या पट्ट्या खात. ए बी सी डीसुद्धा त्याच पट्टीनं आली. त्यांचं बोट 'खुर्ची' या शब्दावर येऊन थांबलं.

"खाली बसायचं नाय म्हणतो," त्या दुधाच्या पिशवीला म्हणाल्या. "वर बसायला तर कोण नाय म्हणत नाय ना?"

रवीला त्यांनी सांगितलं, भजनाला जाते.

शिकवणी पंचवटीतच, मालेगाव स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर होती. सात म्हातारे जमले होते. शिकवायला अपूर्वा नावाची चोवीस वर्षांची मुलगी. आणि पहिल्या बाकावर, पांढऱ्या धोतरात, कपाळावर चष्मा ठेवून चिंतामण गुरुजी बसलेले.

गुरुजी घाटावरचे तीर्थोपाध्ये. वय अठ्ठ्याहत्तर. यात्रेकरू आला की हे लोक पहिला प्रश्न विचारतात : गाव कोणतं, आडनाव काय? ते कळलं की ते घराणं कुठल्या उपाध्यायाचं हे ठरतं. मग तो उपाध्याय वही उघडतो आणि त्या माणसाला त्याच्या खापरपणजोबाची सही दाखवतो. गुरुजींच्या घरी अशा बावीस वह्या होत्या. त्यांचा नातू विश्वेश यानं त्या सगळ्यांचे फोटो काढून संगणकात घातले होते. आता यजमान आला की विश्वेश दोन बटणं दाबायचा आणि गुरुजींना म्हणायचा, "आबा, तुम्ही आराम करा." तीन वर्षं आराम करून गुरुजी अगदी कंटाळले होते.

"विमल? तू इथं काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही करताय तेच, गुरुजी."

"मी खुर्चीसाठी आलोय."

"मग मी काय सतरंजीसाठी आले?"

जुलैपर्यंत सगळं ठीक चाललं. गुड मॉर्निंग, धिस वे, मिस्टर, दॅट वे. मग एके दिवशी खंडेराव सर आले. सर निवृत्त मुख्याध्यापक, परीक्षेचा पेपर तेच काढणार होते. हातात छडी नव्हती म्हणून त्यांनी मूठच टेबलावर आपटली.

"पंचवीस प्रश्न. पंचवीसही जेरंड आणि इन्फिनिटिव्हवर. बाकी इंग्रजी कुणीही बोलतं. माणूस पकडला जातो तो इथं."

सर गेल्यावर अपूर्वानं फळ्यावर समजावून सांगितलं. दोन क्रियापदं एकामागोमाग आली की दुसऱ्याला एक तर आयएनजीचं शेपूट लागतं, नाही तर त्याच्या पुढे टू उभा राहतो. कुणाला काय, ते पहिलं क्रियापद ठरवतं. एन्जॉय असलं तर पुढे सिंगिंग. वाँट असलं तर पुढे टू सिंग.

"का पण?" गुरुजींनी विचारलं.

"तसंच म्हणतात."

"नियम?"

"पक्का नियम नाही, आजोबा. थोडा अंदाज येतो, बाकी पाठ करायचं." आणि तिनं प्रत्येकाच्या हातात यादीचा एकेक छापील कागद ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातपैकी पाच जण आलेच नाहीत. उरले दोघं. विमलाबाईंना झोपेतसुद्धा शेपटं दिसायला लागली होती. पण गुरुजींचा चेहरा उजळलेला. ते बाकावर थाप मारून म्हणाले, "अगं विमल, हे तर आमचंच काम! नियम नाही, कारण नाही, कोण कुणाच्या घरचा एवढंच लक्षात ठेवायचं. याला व्याकरण नाही लागत. वही लागते."

आणि त्यांनी खरोखरच वही आणली. लांबट, लाल कापडाच्या बांधणीची, घरातल्या वह्यांसारखीच. डाव्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं 'इंग घराणे', उजव्या पानावर 'टू घराणे'. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड डावीकडे. वाँट, होप, डिसाइड उजवीकडे.

"आता यजमानाची सही," गुरुजी सवयीनं म्हणाले आणि थबकले.

"फिनिश येऊन सही करणार व्हय?"

"मग साक्ष तरी पाहिजे. साक्ष नसलेली नोंद आमच्या घरात खरी धरत नाहीत, तुला ठाऊक आहे."

विमलाबाईंना ठाऊक होतंच. गुरुजींच्या आजोबांपासूनची ती रीत. नोंद झाली की तिथं हजर असलेल्या कुणाची तरी साक्ष खाली घ्यायची. घाटावर हजर म्हणजे द्रोण विकणारी विमल. पस्तीस वर्षांत तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा त्या वह्यांत किती वेळा उमटला असेल, तिलाही सांगता आलं नसतं. एकदा एका सोलापूरकडच्या घराण्याची नोंद झाली तेव्हा घाटावर चिटपाखरू नव्हतं. गुरुजींनी ती दोन वर्षं कच्ची ठेवली. ते लोक पुन्हा आले, विमलनं अंगठा दिला, तेव्हा कुठे ती पक्की झाली.

तेव्हा ठरलं असं, की गुरुजींनी शब्द अपूर्वाच्या कागदाशी ताडून पाहायचा, नोंद करायची आणि पुढे कागद पाहिल्याची साक्ष म्हणून 'चिं.' एवढी सही ठोकायची.

त्या दिवसांत दोघांना फार मजा आली. विमलाबाई प्रत्येक शब्दाला घाटावरचा एकेक चेहरा देत. "अव्हॉइड म्हणजे तुमचा विश्वेश. समोरून मी दिसले की फोन कानाला लावतो." गुरुजी हसत हसत नोंद करत. स्टॉप आला तेव्हा मात्र भांडण झालं, कारण तो दोन्ही घरी जातो आणि प्रत्येक घरी वेगळं बोलतो असं अपूर्वानं सांगितलं.

"असले दोन दारी जेवणारे यजमान मी पाहिलेत," गुरुजी चिडून म्हणाले. "त्याला मी वहीबाहेर ठेवणार."

"बाहेर कसा ठेवता? खंडेराव सर नेमका त्यालाच बोलावतील."

शेवटी स्टॉपला दोन्ही पानांच्या मधल्या शिवणीवर बसवलं.

परीक्षा रविवारी, २४ ऑगस्टला होती. त्याच्या आदल्या आठवड्यात गुरुजी म्हणाले, "विमल, तुझा तो छापील कागद दे बरं. माझा चुरगळलाय, शेवटचं ताडून पाहतो." विमलाबाईंनी दिला. बुधवारी ते वही घेऊन आले. "घे, ही तू ने घरी. माझं पाठ आहे."

विमलाबाईंनी वही पिशवीत टाकली खरी, पण जिना उतरताना त्या मधेच थांबल्या. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत वहीचं पान कुणाला ओट्याखाली नेऊ दिलं नाही, तो अख्खी वही परीक्षेच्या तोंडावर देतो? आणि कागद? कागद परत आलाच नव्हता.

गुरुवारी दुपारी, सून यायच्या आत, त्यांनी टेबलावर वही उघडली. अठ्ठेचाळीस नोंदी. बोट ठेवत त्या एकेक वाचत गेल्या. एन्जॉय, चिं. फिनिश, चिं. मग डावीकडे खाली चार नवी नावं : रिफ्यूज, प्रॉमिस, मॅनेज, अॅग्री. उजवीकडेही चार : डिनाय, सजेस्ट, माइंड, प्रॅक्टिस. अक्षर गुरुजींचंच. पण या आठांपुढे 'चिं.' नव्हतं.

आठच्या आठ विसरले? गुरुजी? १९९१ साली आपण दिलेला सुकलेला द्रोण जो माणूस अजून बोलून दाखवतो, तो?

त्यांनी इगतपुरीला फोन लावला. पायल कॉमर्स पदवीधर होती.

"पायल, रिफ्यूजच्या पुढं इंग लागतं का टू?"

"अगं आजी, मला काय माहीत! मी आपली कानाला बरं वाटेल ते म्हणते." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आजी, यांचा दुसरा बूट तुझ्याकडे तर नाही ना?"

"रेंज नाय इथं," विमलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अपूर्वाला विचारायची सोय नव्हती. परीक्षेपर्यंत कुणाला एक अक्षर सांगायचं नाही, अशी खंडेराव सरांची तिला ताकीद होती. रवीला विचारावं तर भजनात इन्फिनिटिव्ह कुठून आला हे सांगावं लागलं असतं. विमलाबाई वहीसमोर बसून राहिल्या. सही राहून गेली असेल, तर नोंदी खऱ्या. मुद्दाम टाळली असेल, तर आठही उलट्या करायच्या. अंदाज चुकला तर पंचवीसातले आठ गेले, म्हणजे खुर्ची गेली आणि घाटही गेला. खाली बसायची सोय देवानं आणि डॉक्टरनं मिळून काढून घेतलेलीच होती.

शनिवारी सकाळी त्या वही घेऊन गुरुजींच्या ओट्यावर हजर झाल्या.

"गुरुजी, लय उपकार झाले. तेवढ्या आठ ठिकाणी सही राहिलीय बघा, करून टाका." आणि त्यांनी पेन पुढे केलं.

गुरुजींनी पेनाकडे पाहिलं, जसं काही ते तापलेलं असावं. "राहिली का? राहू दे. तसंही कळतं."

"असं कसं? साक्ष नाय ती नोंद खरी नाय, तुम्हीच म्हणता."

"अगं, चष्मा आत राहिलाय. दिसत नाही मला."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. विमलाबाईंनी त्याच्याकडे नीट, सावकाश पाहिलं, आणि मान डोलावली. "राहू द्या मग. चष्म्याशिवाय उगाच डोळ्यांना ताण नको."

गल्लीचं वळण ओलांडेपर्यंत त्यांनी हसू कसंबसं आवरलं. मग पानाच्या टपरीला टेकून इतकं हसल्या की टपरीवाल्यानं पाणी आणून दिलं. म्हातारा लबाडी करायला निघाला होता, पण वहीला भ्याला. हातानं खोटं लिहिलं, खोट्याखाली सही मात्र होईना.

रविवारी पेपर हातात पडला. आठपैकी सहा नावं त्यात होती. विमलाबाईंनी सहाही ठिकाणी वहीच्या उलट खूण केली. पलीकडच्या बाकावर गुरुजी भराभर लिहीत होते, डोळे मधूनच मिटत होते, ओठ हलत होते. यजमानाचं नाव आठवताना ते नेहमी असेच डोळे मिटत, आणि वहीचं पान त्यांच्यासमोर जसंच्या तसं उभं राहत असे.

तासाभरानं खंडेराव सरांनी निकाल वाचला. "विमलाबाई, पंचवीसपैकी बावीस. चिंतामणराव, एकोणीस."

अपूर्वा गुरुजींचा पेपर बघून बुचकळ्यात पडली. "आजोबा, तुमचं सगळं बरोबर आहे, फक्त हे सहा चुकलेत. आणि सहाच्या सहा अगदी उलटे. कागदावर तर नीट छापले होते."

"वहीत असंच आहे!" गुरुजी तडकून म्हणाले.

आणि म्हणता म्हणताच त्यांना उमगलं. साठ वर्षं जे वहीत ते खरं, अशा डोक्यानं जगलेला माणूस. विमलला फसवायला उलटी लिहिलेली नावं वहीच्या पानासकट त्यांच्याच डोळ्यांसमोर आली होती आणि त्यांनी ती इमानदारीनं उतरवून काढली होती. छापील दोन्ही कागद घरी ट्रंकेत पडून होते.

"कुठली वही?" खंडेराव सरांनी विचारलं.

गुरुजींनी विमलाबाईंकडे पाहिलं.

"जुनी वही असेल सर," विमलाबाई म्हणाल्या. "खाल्ली असतील चार पानं वाळवीनं."

पुढचे चार दिवस गुरुजी कुणाला दिसले नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते लाल वही काखेत मारून विमलाबाईंच्या दारात उभे राहिले. दार रवीनं उघडलं.

"गुरुजी, तुम्ही? आईच्या भजनातले का?"

गुरुजींनी आत पाहिलं. विमलाबाई रवीच्या पाठीमागून दोन्ही हातांनी नको नको करत होत्या.

"हो," गुरुजी म्हणाले. "आम्ही भजन इंग्रजीतून करतो. तुझी आई पहिली आली."

मग सगळं बाहेर पडलं. रवी पाच मिनिटं ओरडला, सहाव्या मिनिटाला म्हणाला, "खुर्चीला पाठ टेकायला हाय ना?" आहे म्हटल्यावर चहा टाकायला आत गेला.

गुरुजींनी टेबलावर वही उघडली. खोडलं काही नाही, वहीत खोडायची त्यांच्या घरात पद्धत नाही. त्यांनी खाली नवीन ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली : "वरील आठ नोंदी खोट्या. लिहिणाराच्या मनात खुर्ची होती."

"एवढं लिहायची गरज होती का?" विमलाबाई म्हणाल्या.

"होती. आता साक्ष." आणि त्यांनी जुन्या सवयीनं पिशवीतून शाईचं पॅड काढलं, झाकण उघडून पुढे सरकवलं.

विमलाबाईंनी झाकण परत बंद केलं. "ते ठेवा आत. पेन द्या."

त्यांनी वेळ लावला. 'वि'ची वेलांटी जरा जास्तच वर गेली, 'ल' कलंडला. पण त्या वहीत, आणि गुरुजींच्या घरच्या सगळ्या वह्यांत मिळून, ती त्यांची पहिलीच सही होती. समक्ष : विमल.

गुरुजी ते अक्षर बराच वेळ बघत राहिले. चष्मा या वेळी डोळ्यांवर होता.

"चहा घ्या," विमलाबाई म्हणाल्या. "आणि दसऱ्याला स्टूल घेऊन या घरनं. खुर्ची माझी एकटीची हाय, पण स्टुलाबद्दल त्या कागदात काय लिहिलं नाय."

दसऱ्याला कक्ष सुरू झाला. खुर्चीवर विमलाबाई, गळ्यात ओळखपत्र, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं पदरावरून बाहेर काढलेलं. शेजारी निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर गुरुजी, मांडीवर लाल वही. दुसऱ्याच आठवड्यात एक गोरं जोडपं आलं.

"यू वाँट टू सी कुंड?" विमलाबाईंनी विचारलं. "गो देअर. एन्जॉय सीइंग."

"बरोबर," गुरुजी स्टुलावरून पुटपुटले. मग न राहवून पुढे वाकले. "व्हिच व्हिलेज? सरनेम?"

जोडपं आयर्लंडमधलं होतं. दोघांनी प्रामाणिकपणे गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आजोबांचं नावही सांगितलं. गुरुजींनी वहीचं मागचं कोरं पान उघडून सगळं लिहून घेतलं, त्यांची सही घेतली आणि साक्षीला वही खुर्चीकडे सरकवली. त्यानंतर तो पायंडाच पडला. डिसेंबरअखेरीस त्या वहीत पोलंड, कोरिया आणि ब्राझीलची घराणी होती, आणि विश्वेश एकदा तिचे फोटो काढायला आला तेव्हा गुरुजींनी त्याला सांगितलं, "तू आराम कर."

जानेवारीत स्टूल रिकामं राहिलं. वहीतली पुढची नोंद विमलाबाईंनी स्वतःच्या हातानं केली आणि साक्षीला विश्वेशची सही घेतली : चिंतामण गुरुजी, पंचवटी, नाशिक. रविवार, ११ जानेवारी २०२६ रोजी सकाळी राहत्या घरी वारले.